मेंदूकाकांची बायको काही मागत नाही

वैद्यकीय महाविद्यालयात एकतीस वर्षं मेंदू कापत बसलेल्या माणसाला पोरं 'मेंदूकाका' म्हणणार नाहीत तर काय! लांब पात्याच्या सुरीने चकत्या पाडायच्या, बरण्यांत ठेवायच्या, चिठ्ठ्या डकवायच्या. मधोमध शेजारी शेजारी बसलेले, कबुतराच्या अंड्याएवढे दोन गोळे दिसले की काका म्हणायचे, "हा थॅलॅमस. हळू हात लावा, बाबांनो."

आणि घरी बायकोच्या डोक्यात त्याच गोळ्यांच्या आतल्या बाजूला रक्त मिळेनासं झालं, तर या शहाण्याला चार दिवस पत्ता नाही!

हातपाय धड, तोंड वाकडं नाही. नुसती झोप. भाजी चिरता चिरता झोप, खुर्चीत झोप. जागी असली तरी अर्धी स्वप्नातच. "सकाळी आई येऊन गेली," ती हसून सांगायची, "इथे ओले केस पुसत बसली होती." आईला जाऊन वीस वर्षं झालेली. पडद्यातून पिवळसर उजेड यायचा, आणि काकांनाही क्षणभर फरशीवर ओल दिसायची. दमली असेल, झोपू दे, असं म्हणून ते गप्प बसले.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई त्यांच्याच बरण्यांवर शिकलेल्या. फिल्म उजेडाला धरून त्या म्हणाल्या, "काका, काही माणसांत दोन्ही गोळ्यांच्या मधल्या भागाला रक्त नेणारी नळी एकच असते. काकूंची तीच तुंबली. जाग, आठवण, इच्छा, तिन्हींना धक्का बसलाय. झोप हळूहळू कमी होईल. आठवणीतली भोकं मन काहीबाही रचून बुजवतं, त्यावरून भांडू नका. मला घोर आहे तो इच्छेचा. स्वतःहून काही मागतात का, बघा. आधी काय काय मागायच्या?"

काका आठवू लागले. कपडे? काकाच आणायचे. फिरायला? ते म्हणतील तिकडे. तीस वर्षांच्या संसारात हिने काय मागितलं, एक गोष्ट आठवेना. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रोज दुपारी लवकर घरी येऊन ते तिच्याजवळ बसू लागले. "अगं, काय हवंय तुला?"

"काही नाही."

चहा दिला तर प्यायची, नाही दिला तर नाही. कधी म्हणायची, आपण होडीत आहोत. काका म्हणायचे, बरं, आहोत. पडदा हलायचा, खोलीही हलल्यासारखी वाटायची. असे दोन महिने गेले. परत येईल ना ही?

एका दुपारी कामावरून येऊन त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडले आणि हात झटकला.

"अहो, लांब करा तो हात! त्या बरण्यांतल्या औषधाचा वास येतो."

"येतो?"

"लग्नापासून येतो. मला कधीच आवडला नाही. धुऊन या आधी!"

काका मोरीत गेले. कोपरापर्यंत साबण चोळला, नळ सोडला आणि लहान पोरासारखे रडले.

बाहेरून आवाज आला, "अजून धुवा!"