पाव्हण्यांना बागबंदी

आमच्याकडे पाव्हणा आला की आधी पाणी, मग चहा, आणि चहा संपला की त्याला बाग दाखवायला न्यायचं अशी रीत. पाव्हणा नुसता लांबून बघत नाही. पान उलटं करून निरखतो, फळ तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज करतो, फांदी वाकवून "कळी चांगली लागलीय" म्हणतो. मग त्याच हातांनी तो स्वतःच्या बागेत जातो, तिथून तिसऱ्याच्या. डाळिंबावरचा तेल्या असाच पाहुणचार घेत गावोगाव फिरतो. हे मला कळलं तेव्हा आमचा पहिला बहार हातचा गेला होता.

तेल्या म्हणजे पानांवर आणि फळांवर तेलाचे थेंब पडल्यासारखे डाग. पुढे ते काळे पडतात, फळ तडकतं आणि बांधावर फेकावं लागतं. हा रोग जिवाणूचा, डोळ्यांना न दिसणारा. बारामतीला एका प्रशिक्षणात एका मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "आल्यावर औषध शोधत फिरू नका, येण्याची वाट अडवा." वाटा तरी किती! पावसाचा उडता थेंब, छाटणीची कात्री, हात, चपला, कपडे.

कोऱ्हाळे बुद्रुक हे उसाचं गाव. आमच्याही घरचा ऊस. त्यात माझं काम होतं, मत नव्हतं. माळावरचं दीड एकर डाळिंब मात्र मी भांडून मागून घेतलेलं. रोपं मी लावली, पाणी मी ठरवलं. नवरा बारामतीला कंपनीत पाळीवर, त्यामुळे बागेतली शहाणी मीच. खोटं कशाला बोलू, त्या दीड एकरात मला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं आणि ते मला फळांपेक्षा गोड होतं.

पहिला बहार गेल्यावर माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं आणि मीही, ओसरीवर बसून म्हणाले, "एक डाव झालं ते झालं. पुन्यांदा तेल्या दिसला की बाग काढायची आन् ऊस लावायचा. मंग रडायचं न्हाय."

"न्हाय रडत," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी हट्टालाच पेटले. पाणी तोडून बागेला ताण दिला, पडलेलं पान न् पान गोळा करून जाळलं, झाडांखाली ब्लीचिंग पावडर टाकली, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो फवारलं. सगळेच सूक्ष्मजीव काही वैरी नव्हते. शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवून मुळांशी घातला. तीही बुरशीच, पण मुळांची राखण करणारी. छाटणीच्या टोळीला सांगितलं, एक झाड झालं की कात्री औषधाच्या डब्यात बुडवायची, मगच दुसरं. मुकादम म्हणाला, "वैनी, आमी झाडं छाटतोय का आपरेशन करतोय?" मी म्हटलं, "आपरेशनच हाय. बुडवा." त्या दिवशी निम्मीच बाग झाली. टोळी कुरकुरली, मी हटले नाही.

बागेच्या तोंडाशी ब्लीचिंगच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. दुपारपर्यंत त्याचा वास उडाला की ओतून नवं भरायचं. आत जाताना पाय बुडवायचे, हात साबणाने धुवायचे, तेही फक्त घरच्यांनी. पाव्हण्यांना सरसकट बंदी. गावात माझी भरपूर थट्टा झाली. कुणी म्हणालं, देवळात तरी चपला बाहेर काढून आत सोडतात.

दिवाळीला नणंदेचे यजमान आले. त्यांचंही डाळिंबच आहे, त्यांच्या गावी डाळजला, आणि त्या साली त्यांच्या बागेत तेल्या होता. चहा झाला आणि दाजी उठून थेट माळाकडे निघाले. मी पुढे जाऊन वाटेत उभी राहिले.

"दाजी, घरात बसा, जेवा, पन बागंत न्हाय."

"घमेल्यात पाय बुडवतो की, वैनी." असं म्हणत त्यांनी शर्टाच्या खिशातून डाग पडलेलं पान काढलं. मला दाखवायला आणलं होतं!

"पाय बुडवाल. खिसा कुठं बुडवाल?"

ते हसले, पण तोंड उतरलं. आबांचं तर डोकंच फिरलं. "जावयाला बांधावर उभा करतीस?" एवढंच बोलले आणि पुढे महिनाभर माझ्या हातून चहा घेतला नाही. नणंदेचे फोन यायचे बंद झाले. मला वाईट वाटत होतं, पण घमेलं रोज भरत होते.

फळं लिंबाएवढी झाली आणि डिसेंबरात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. पुढच्या आठवड्यात उसाच्या बाजूच्या दुसऱ्या ओळीत चार झाडांवर मला तेलकट डाग दिसले. मी पानं उन्हासमोर धरून धरून बघितली. डाग खरे होते.

चार झाडं गुपचूप काढून टाकता आली असती. पण आबांना शब्द दिला होता. सकाळी ओसरीवर जाऊन सांगितलं, "आबा, आलाय." ते उठले. कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि निघाले. मीही मागोमाग निघाले. आज बाग जाणार, असंच धरून मी चालत होते.

घमेल्यात त्यांनी पाय बुडवले. त्या ओळीशी जाऊन उभे राहिले.

"चारच हायत?"

"चार."

"मंग चारच काढायची."

माझा विश्वास बसेना. माझ्याकडे पाठ करूनच ते पुढे म्हणाले, "दिवाळीत तू सैपाकात हुतीस. मी पावन्याला उसातनं आत आनलं. हितंच उभं हुतो. त्यानं फांदी वाकवून बघितली."

माझा तोल गेला. लग्नाला वीस वर्षं झाली, आबांपुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "ब्लीचिंगनं माजं हात उललं, आन् तुमी मागच्या वाटंनं मानूस आत घेतला?"

"व्हय," आबा म्हणाले. "चुकलं माजं."

हा शब्द त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकला नसेल. तो ऐकला आणि मला डाळज आठवलं. नोव्हेंबरात मी नणंदेची समजूत काढायला गेले होते. ती बागेत डाग पडलेली फळं तोडत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मीही शेजारी वाकले आणि तोडू लागले. दोन पाट्या भरल्या तेव्हा कुठे ती बोलती झाली. भांडण मिटलं या आनंदात घरी आले आणि दुसऱ्या दिवशी, साडीवर डाळजला घातलेला तोच कामाचा सदरा चढवून, फांद्या बांधायला सुरुवात केली. ह्याच ओळीपासून. पाय बुडवले होते, हात धुतले होते. सदरा राहिला. इतके दिवस ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ज्या खिशावरून दाजींना बोलले, तसलाच खिसा मी आत आणला होता.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. जिवाणू कुणाच्या अंगावरून आला ते सांगत नाही. मागच्या सालचा कुठे दडून राहिलेलाही असू शकतो. पण आबा खाली मान घालून उभे होते आणि मला ते बघवेना.

"आबा, मी बी डाळजच्या बागंत गेले हुते. फळं तोडली. त्याच सदऱ्यावर हितं आले."

आबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग कुदळ माझ्या हातात दिली.

"मंग दोन झाडं तुजी, दोन माजी. कर सुरू. मी फावडं घिऊन येतो, आन् येताना पाय बुडवतो."