सहा मात्रांतलं नाव

टिकाराम मास्तरांनी भजनात पेटी धरली की त्यांना जेवणाचं बोलावणंही ऐकू जात नसे. धानाच्या बांधावर बसले तरी बोटं मांडीवर सूर शोधत असायची. शेजारची नंदाबाई विचारायची, "मास्तर, मांडीले खाज सुटली का?"

त्यांच्या गुरूंनी एक गोष्ट मनात पक्की बसवली होती. दिल्ली दरबारातल्या सदारंगाला जाऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली, तरी गवई ख्याल गाताना बंदिशीतलं त्याचं नाव घेतोच. बादशहा गेले, तख्त गेलं, नाव गळ्यांत राहिलं. म्हणून मास्तरांनी जन्मात मनासारख्या जमलेल्या एकुलत्या रचनेच्या, देस रागातल्या धान रोवण्याच्या गाण्याच्या, शेवटच्या ओळीत स्वतःला गुंफलं: 'टिकाराम म्हणे, बांधी भरली.' बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. दादरा तालाच्या सहा मात्रांत नाव असं नेमकं बसलं, जणू बापानं बारशालाच मोजून ठेवलं होतं.

पुढे कुडवा गावचा दुर्गेश शिकायला आला. शिष्यत्वाचा गंडा मनगटावर बांधताना शिष्याला एक चीज, म्हणजे बंदिश, द्यायची रीत. मास्तरांनी तीच दिली, कागदावर नाही, तोंडी.

सहा वर्षं गेली. त्यांची नात रेणू गोंदियात शिकते. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ती मोबाइलवरून गाणं बसवत होती. मास्तर कौतुकानं मान डोलावत होते. आणि शेवटी आलं, 'दुर्गेऽऽश म्हणे...'

"कोणाचं गाणं होय हे, बाई?"

"दुर्गेश सरांचं, आबाजी. दोन लाख लोकांनी पाह्यलं. तुमी बी म्हणता नं, पण शेवट चुकवता."

दुसऱ्या दिवशी मास्तर कुडव्याला दुर्गेशच्या क्लासवर गेले. दुर्गेश पाया पडला, चहा मागवला.

"काऊन केलंस गा असं?"

"मास्तर, गंडा बांधतानी तुमीच तं दिलं होतं मले."

"गाणं दिलं होतं. नाव पुसाले कोणं सांगतलं?"

"आता बदलवलं तं लोक म्हणतीन, चोरलं होतं."

"मंग खोटं म्हणतीन का?"

दुर्गेशनं चहा पुढं सरकवला. "खाली तुमचं नाव टाकून देतो. 'पेटी, टिकारामजी.'"

त्या व्हिडिओत पेटी मास्तरांची नव्हतीच.

"तुया नावात पाचच मात्रा हायेत," मास्तर म्हणाले. "सहावी ओढून राह्यला तू. कानाले लागत नाही?"

"कोणाले समजते, मास्तर?"

चहा तसाच ठेवून ते परतले. रेणूला म्हणाले, "शेवटची ओळ म्हणूच नोको. आधीच्या ओळीवर सम घे अन् थांब."

"अन् तुमचं नाव, आबाजी?"

"ते घेतलं तं शाळेतल्या बाई म्हणतीन पोरीनं चुकवलं. माह्यं नाही तं नाही. त्याचं नोको."

संमेलनाला मास्तर इस्त्रीचं धोतर नेसून पुढच्या रांगेत बसले. पोरीनं सूर सुरेख लावला. सांगितल्याप्रमाणे आधीच्या ओळीवर सम घेतली आणि थांबली.

सभागृह क्षणभर वाट पाहत राहिलं. पोर विसरली असं समजून मागून कुणीतरी ओळ उचलली, मग सारे पालक, सारी मुलं टाळ्या वाजवत गाऊ लागली: 'दुर्गेऽऽश म्हणे, बांधी भरली.'

शेजारच्या गृहस्थानं मास्तरांच्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली. "बाबाजी, गाओ ना आप भी. ये गाना नहीं आता क्या?"