अठ्ठावीस बाय वीसचा पंखा

शेठनी रमणकाकांना चोर म्हटलं तेव्हा मी शेठच्याच लाँचमागे चिखलात बसून शाफ्टचं, पाणी आत येऊ नये म्हणून असतं ते पॅकिंग बदलत होतो. मगदल्ल्याच्या खाडीला ओहोटी होती. लाँच कोरडी पडलेली, वरचं सगळं ऐकू येत होतं.

“डिझेल कुठं विकतो, बोल ने!”

“शेठ, एक थेंब विकला असेल तर हात तोडा माझे.”

“हात ठेव तुझ्याजवळ. चावी दे.”

रमणकाका त्या लाँचचे तांडेल, म्हणजे चालवणारे. लांब उभ्या जहाजांना सामान पोचवायचे. डिझेल अचानक जास्त जायला लागलं होतं, ते खरं. पण चोरीचा ठपका बसला की खाडीवर त्या तांडेलाला दुसरा कोणी लाँच देत नाही. काका चावी देऊन उतरले नि जेट्टीवर जाऊन बसले.

माझ्या नाकासमोर प्रोपेलर होता. आम्ही त्याला पंखाच म्हणतो. मधल्या गोळ्यावर ठोकलेलं होतं, २८ बाय २०. पहिला आकडा पंखा फिरतो त्या गोलाची रुंदी. दुसरा पिच. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जेवढा आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकायला बघतो तो पिच. दोन्ही इंचात. जुना पंखा २८ बाय १६ होता. शेठनी बाजूची फायबरची लाँच पळताना बघितली नि तिच्यासारखाच पंखा मागितला. ती हलकी. ही लाकडाची, जड.

बाईकवर तिघं बसवा आणि पुलाचा चढ चौथ्या गियरमध्ये चढवा. इंजिनाचं तेच चाललं होतं. पूर्वी पंधराशे आरपीएमला, म्हणजे मिनिटाला पंधराशे फेऱ्यांना, ते आरामात चालायचं. आता तेवढ्यालाच सगळा दम लागायचा. डिझेल प्यायचं, काळा धूर ओकायचं. आणि बोट तेवढीच पळायची, कारण जड बोटीचा वेग एका हद्दीपुढे वाढतच नाही.

हे भीखूभाईंना माहीत होतं. भीखूभाई म्हणजे माझ्या वर्कशॉपचे मालक. पंखा त्यांनीच दिलेला. ते तिथंच उभे होते.

मी चिखलाचे हात घेऊन त्यांच्याजवळ गेलो. “भाई, पंखा या बोटीला जड पडतोय. सांगा ना शेठला.”

“देतानाच सांगितलेलं. ऐकलं नाही.”

“मग आत्ता सांगा!”

“दोन लाँच आहेत त्याच्या. गिऱ्हाईक तोडू? तू पॅकिंग कर.”

नववीत शाळा सोडून मी धुळ्याकडून इकडे आलो, आधी बमरोलीत कापडाच्या लूमवर लागलो; तिथून सुटलो तेव्हा याच माणसानं हातात पाना दिला. माळ्यावर झोपायला जागा दिली. मलेरिया झाला तर स्वतः दवाखान्यात नेलं. यांनी काढलं तर परत त्या लूमवर जावं लागेल, ही भीती मला कायम असते. त्या दिवशीही होती. पण डोकं असं तापलं होतं की पाय थांबले नाहीत.

“शेठ,” मी ओरडलोच, “फुल थ्रॉटल देऊन बघा. अठराशे आरपीएम यायला पाहिजे. नाही आलं तर चोर पंखा आहे.”

“हा कोण रे, भीखू? तुझा वकील?”

भीखूभाई माझ्याकडे असे बघत राहिले की मी मान खाली घातली. मग म्हणाले, “बघून घ्या, शेठ. मुलगा बरोबर बोलतोय.”

भरती आल्यावर ट्रायल घेतली. थ्रॉटल पूर्ण पुढे. काटा साडेपंधराशेला अडकला. मागे धुराची काळी शेपटी.

“इंजिन म्हातारं झालं असेल,” शेठ म्हणाले. माझ्या तोंडात शिवी आली होती, गिळली.

मग खात्री करायला पुढच्या ओहोटीला जुना पंखा चढवला. त्याच इंजिनानं अठराशे दिले, धूरही गेला. शेठनी जेट्टीवर हाक मारली, “रमण, चल, मशीनचा वांधा होता. ये कामावर.” माफी वगैरे काही नाही. काका आले, कारण घर चालवायचं होतं. तेव्हापासून टाकीत डिझेल भरताना ते स्वतः हात लावत नाहीत. शेठच्या माणसाला बोलावतात नि लांब उभे राहतात.

भीखूभाईंनी मला काढलं नाही. त्यांचे उपकार आहेत, राहतील. राग मात्र अजून उतरलेला नाही, शेठचाही आणि त्यांचाही.

पंखा उतरवायचा तर ओहोटीची वाट बघावी लागते, चिखलात बसून नट ठोकावा लागतो. माणूस उतरवायला काहीच लागत नाही. म्हणून आधी माणूस उतरवतात.