नवमीला लेथ बंद
मशीनच्या तेलाचा वास आला की मला जर्मनीत, र्युसेल्सहाइममधलं आमच्या शेजाऱ्यांचं तळघर आठवतं. सासूबाई गेल्यावर बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही इकडे आणलं; पण ते खिडकीशी बसून रोज एकच विचारायचे, "माझं परतीचं तिकीट कधीचं?" जन्म लेथवर गेलेला माणूस, म्हणून शेजारच्या जर्मन आजोबांनी त्यांना खाली बोलावलं. आजोबा नेमबाजीच्या क्लबातले, रीतसर परवानेवाले; त्या दिवशी आपल्या रायफलचा सांगाडा लेथवर सरळ करून तिला नवी नळी बसवणार होते. गार फरशी, पिवळा दिवा, चकचकीत पोलाद. आजोबांनी बटणाकडे हात नेला आणि बाबा ओरडले, "अहो, थांबा! आज खंडेनवमी!" मी ओशाळून जर्मनमध्ये सांगितलं, की आज आम्ही हत्यारांची पूजा करतो, मशीन चालवत नाही. "आल्झो, असं होय! इथे तर हत्यार आणि मशीन दोन्ही आहेत," म्हणत आजोबा फडक्याने लेथ पुसायला लागले. बाबांनी मला हळदकुंकू आणायला पिटाळलं. सासूबाई गेल्यापासून त्यांनी देवापुढे हात जोडले नव्हते. आमच्या बाल्कनीतला झेंडू त्यांनी लेथवर वाहिला, एक फूल नळीपाशी ठेवलं आणि डोळे मिटले. "मग नळी कधी बसवायची?" आजोबांनी हलकेच विचारलं. बाबा मला म्हणाले, "उद्या दसरा. त्यांना सांग, मी आल्याशिवाय सुरू करू नका." तिकिटाचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. यंदाचा झेंडू आजोबांनीच अंगणात लावलाय, आणि बाबा रोज सकाळी त्याला पाणी घालायला खाली जातात.