माही पोरगी
कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला, की मला मे महिन्यातला तो शनिवार आठवतो. बाळापूरच्या आमच्या कापडाच्या दुकानात टीव्हीवर धाकट्या बहिणीचा कबड्डीचा सामना थेट दाखवत होते. ती खेळते म्हणून वर्षभर अबोला धरलेले बाबा टीव्हीकडे पाठ करून गिऱ्हाइकाला लुगडी दाखवत होते. शेवटच्या चढाईला आलेल्या समोरच्या संघातल्या मुलीचा घोटा बहिणीनं पकडला, तो सोडलाच नाही, आणि त्यांचा संघ जिंकला. मी ओरडलो तसे बाबा वळले. पडद्यावर मैत्रिणींनी तिला खांद्यावर घेतलं होतं. गिऱ्हाइकानं विचारलं, "कोनाची पोरगी हाय हो हे?" "माही हाय," बाबा म्हणाले. मग लुगडी तशीच टाकून त्यांनी तिला फोन लावला. आता माझी मुलगी सामन्याला निघाली, की तिची बॅग बाबाच उचलतात.