परत यायची गाडी किती वाजता?

वाटाडे सरांसमोर कोणत्याही कॉलेजाचं नाव घ्या, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "परत यायची गाडी किती वाजता?" फी नाही, टक्के नाहीत, हॉस्टेल नाही, आधी परतीची गाडी. दहावीची पोरं खिदळायची. मलाही सुरुवातीला वाटायचं, या माणसाला पोरांना बाहेर पाठवायचंय की घरी आणून बसवायचंय?

त्यांचं आडनाव वेगळंच होतं. माध्यमिक शाळांत जाऊन दहावीनंतर काय काय शिकता येतं ते सांगायचं, ही त्यांची सरकारी नोकरी. म्हणून पोरांनी त्यांना वाटाडे करून टाकलं. सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडे आमची शाळा, मी तिथे विज्ञान शिकवते. औंढ्याहून येणाऱ्या एसटीतून सर उतरायचे ते तोंडभर धूळ घेऊनच. ऑफिसात चहाला बोलावलं तर "आधी लेकरं" म्हणून थेट वर्गात. भाषण नाही, फळा नाही. पोरांच्या मधेच बाकावर अंग चोरून बसायचे आणि एकेकाला बोलतं करायचे.

न पाहिलेल्या कॉलेजाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. "मला म्हाईत न्हाई. बघून येतो," म्हणायचे आणि खरंच बघून यायचे. मुलीसाठी स्थळ बघावं तशी त्यांची चौकशी चाले. कॉलेजात सगळ्यात शेवटी जायचे. त्याआधी समोरचा चहावाला, शेजारचा किराणा, कोपऱ्यावरचं कटिंगचं दुकान. तास होतात का, मास्तर टिकतात का, मुली संध्याकाळी बाहेर दिसतात का. आमचे हेडमास्तर चिडवायचे, "सर, कॉलेज बघायला जाता का जावई?"

"जावयाची चौकशी समदेच करतात," सर म्हणायचे. "कॉलेजाची करतं कोण?"

ही चौकशीच वरच्यांच्या डोळ्यांवर आली. एका बैठकीत साहेबांनी विचारलं, सगळी माहिती मोबाईलवर मिळत असताना या फिरण्याचा खर्च सरकारनं कशाला सोसायचा? सरांनी मला हे सांगितलं ते स्वतःच्या उत्तरासकट. "मी म्हणलं, साहेब, हा खर्च तुमी न्हाई केला तर दुसरं कोणी करील. पण ते वसूल करून घेईल." साहेब हसले म्हणे. मग दौरे बंद झाले, सरांना हिंगोलीत टेबलाशी बसवलं आणि शाळांना एक लिंक पाठवली. आमच्या गावात ती उघडायची तर धरणाच्या भिंतीवर जाऊन नेटची रेंज शोधावी लागते.

वसूल करणारे फार दिवस थांबले नाहीत. दहावीचा निकाल लागला आणि शाळेच्या मैदानात पांढरी गाडी आली. मांडव, माईक, पोरांना टोप्या, पालकांना नाश्ता, सगळं फुकट. "दहावीनंतर थेट नर्सिंग, नोकरीची हमी," असं पुन्हा पुन्हा सांगणारी गोडबोली माणसं. शाळेच्या खिशाला हात न लावता करिअर मार्गदर्शन झालं म्हणून हेडमास्तर खूश. मांडव उतरायच्या आत घराघराचा फोन नंबर त्या गाडीत जाऊन बसला होता. संध्याकाळपासून फोन सुरू झाले. बोलणारी बाई मुलीचं नाव घ्यायची, तिच्या आजीच्या गुडघ्याची चौकशी करायची.

गाद्या भरणारे युसूफभाई, त्यांची शिरीन माझी लाडकी. तिला नर्स व्हायचं होतं. आधी बारावी, मग नर्सिंग, त्यात जवळची वाट नाही, हे सरांनी तिला नववीतच सांगून ठेवलं होतं. पण त्या बाईनं युसूफभाईंना दोन वर्षं वाचवून दाखवली आणि त्यांनी लेकीचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला न् गुणपत्रिका गाडीवाल्यांच्या हाती दिली. मला कळलं तसा मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "मूळ कागद? बरं. बघून येतो."

रजा टाकून, पदरमोड करून ते त्या कॉलेजाच्या लांबच्या शहरात गेले आणि येताना घरी न जाता आमच्याच गावात उतरले. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. युसूफभाईंच्या दुकानात कापसाच्या ढिगाशेजारी बसून म्हणाले, "चहावाला सांगून राहिला, दारावरचा बोर्ड दर साली बदलतो. पोरी येताना दिसतात म्हणे. जाताना दिसत न्हाईत."

"अन् कागदं?" युसूफभाईंनी विचारलं.

"मागितले. म्हणले, तिन्ही सालाची फी भरा अन् घेऊन जा."

युसूफभाई हातातला कापूस नुसता पिंजत राहिले. "पण सर, समदं गाव लेकी पाठवून राहिलं. मी एकट्यानंच काहून मागं ऱ्हावं?"

"कागदं दुसरी निघतात, भाई. लेकरू दुसरं कुठून काढता?"

युसूफभाईंनी कापूस खोळीत भरायला घेतला. निघताना सर शिरीनला म्हणाले, "बेटा, गाडीत पाय ठेवायच्या आधी..."

"म्हाईत हाय सर," ती हसली. सर हसले नाहीत.

त्याच आठवड्यात हिंगोलीत ऑफिसच्या जिन्यावर त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सर गेले. मी खूप रडले. रडताना रागही येत होता. एवढा खर्च वाचवून काय कमावलं, हे मला कुणाला तरी धरून विचारायचं होतं.

मुलींना न्यायला गाडी आली तेव्हा आया डोळे पुसत होत्या आणि पोरी नव्या टोप्या घालून नटून उभ्या होत्या. युसूफभाईंनी शिरीनची बॅग आत नेऊन ठेवली. शिरीन पायरीपाशी थांबली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "काका, परत यायची गाडी कधी असते?"

"वापस का मेरे को नहीं मालूम," तो म्हणाला. "मैं सिर्फ छोड़ता हूँ."

युसूफभाई गाडीच्या दारातच होते. ते पुन्हा आत गेले, बॅग उचलली आणि लेकीचा हात धरून घराकडे चालू लागले. मी बाकीच्या आयांना थांबवायला गेले. एकीनं मलाच समजावलं, "बाई, गावात ठिवून तरी काय करावं पोरीला?" गाडी धरणाच्या रस्त्याला लागली.

शिरीन आता अकरावीत आहे. दाखल्याची दुसरी प्रत शाळेनं दिली. गाडीत बसलेल्यांपैकी एकही दिवाळीला आली नाही. फोन लावला की ती गोड बाईच बोलते. पोरी अभ्यासात आहेत, परीक्षा झाल्यावर भेटायला या, म्हणते. परीक्षा कधी ते सांगत नाही.

काल हेडमास्तरांनी सांगितलं, पांढरी गाडी यंदाही येणार आहे. मी विचारलं, "त्यांचं कॉलेज कोणी बघून आलंय का?"

"तेवढा खर्च कोण करणार, बाई?"

सर बघून आले तेव्हाच मी त्या शहराचं नाव लिहून ठेवलं होतं. आज शाळा सुटल्यावर औंढ्याच्या स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं जायची गाडी लगेच सांगितली, रविवारी सकाळची. मी परत यायची विचारली. त्यानं आत कुणाला तरी विचारलं, पुन्हा खिडकीशी आला आणि म्हणाला, "तिकडून यायचं म्हाईत न्हाई, बाई. तितंच जाऊन इचारा."