शनिवारी पहिला, रविवारी मागे

"झेंडा इकडं दे," सर म्हणाले.

मी काठी नुकतीच हातात घेतली होती. सरांनी ती काढून घेतली आणि शेजारच्या विक्रमला दिली. चाळीस पोरं रांगेत उभी होती. सगळ्यांनी पाहिलं.

"तू मांगं राह्य. झेंडा बाजारातून जाते, लोकं पाहतात. तुले तसंबी सवलत हाये ना बे? एवढं तरी दुसऱ्याले राहू दे."

पोरं खदाखदा हसली. मी मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

ही मालेगावची गोष्ट. फौजेच्या भरतीची तयारी करून घेणारी निवासी अकादमी. सर स्वतः निवृत्त फौजी. नियम त्यांनीच केलेला, फलकावर लिहिलेला. शनिवारी सोळाशे मीटरची शर्यत. जो पहिला येईल, तो रविवारी अकादमीचा झेंडा घेऊन तुकडीच्या पुढे बाजारातून चालेल.

मी ओळीनं तीन शनिवार पहिला आलो. तिन्ही रविवारी झेंडा विक्रमच्या हातात. आम्ही पळायचो ते मैदान म्हणजे विक्रमच्या बापाचं शेत. मी आसेगावचा, माझी माय मजुरीला जाते, आम्ही बौद्ध. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी पहिल्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि सवलत? फौजेच्या त्या भरतीत जातीची सवलत नाहीच. सगळ्यांना एकच मैदान, एकच घड्याळ. अख्खी नोकरी फौजेत काढलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण माझी जीभ उचलली नाही. उलट मलाच लाज वाटली, चोरी करताना सापडल्यासारखी. तीन रविवार मी पुढच्यांची धूळ खाल्ली. त्याचा राग मला आजही माझ्यावरच येतो.

मायला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "एक महिना राह्यला भरतीले. तोंडाले कुलूप लाव."

तिचं खरं होतं. भरतीसाठी माझं वय त्याच वर्षी संपत होतं. हुकलो तर पुन्हा संधी नव्हती.

चौथ्या शनिवारी मी पुन्हा पहिला. रविवारी झेंडा पुन्हा विक्रमकडे. सर ओरडले, "सावधान!" मी टाचा जुळवल्या.

"तेज चल!"

मी हललो नाही.

तुकडी पुढे निघून गेली. मैदानात मी एकटा. सरांना फाटकाजवळ कळलं. तुकडी थांबवून ते धावत परत आले.

"ऐकू येत नाही काय बे?"

"येते सर. काल पयला मी आलो. झेंडा द्या, मंग चालतो."

"पन्नास फ्रंट रोल मार!"

"कायच्यासाठी?"

या शब्दाची त्यांना सवय नव्हती. फाटकातून विक्रम माझ्याकडे बघत होता. चार शनिवार त्यानं माझी पाठच पाहिली होती. एक शब्द बोलला असता तर पुरे होता. त्यानं मान खाली घातली. तेही मी विसरलेलो नाही.

"पेटी उचल अन् नीघ," सर म्हणाले.

मी उचलली. मान ताठ ठेवून फाटकाबाहेर पडलो.

महिनाभर आसेगावच्या रस्त्यावर पळालो. माय कामावर जायच्या आधी पुलावर मोबाईल धरून वेळ मोजायची. कुलूप लाव म्हणणारी तीच. भरती झालो. पुढं ट्रेनिंगमध्ये खडीवर रांगलो, कोपरं सोलली, शिकवणाऱ्या उस्तादांच्या शिव्या खाल्ल्या. पण त्या शिव्या सगळ्यांना सारख्या होत्या. पळण्यात पहिला आलेल्याला तिथं कोणी मागे ढकललं नाही.

ट्रेनिंग संपवून परवा सुट्टीवर आलो. मालेगावच्या स्टँडवर उतरलो तर समोर अकादमीचा फलक. त्यावर वर्दीतला मी. खाली लिहिलेलं, 'आमचा विद्यार्थी'. डोकं सणकलं. आज सकाळी तडक मैदानावर गेलो. शर्यत नुकतीच संपली होती, पोरं रांगेत उभी होती. सर हात पसरून आले.

"ये जवान, ये! उद्या झेंडा तुह्याच हाती. बाजारातून मिरवू तुले."

मी विचारलं, "आज पयला कोण आला?"

  पुढच्या रांगेतल्या चार-पाच माना हळूच मागच्या रांगेकडे वळल्या.

"फलकावरून माहा फोटो आजच काढा," मी म्हणालो. "नाही काढला तर मी फाडतो. अन् झेंडा मले नका देऊ. ज्याचा हाये त्याले द्या."

"तुह्यं झालं ना आता भलं? मंग तुले काय करा लागते?" सर म्हणाले.

काय करायचं ते मी ठरवलं आहे. माझ्या सुट्टीत तीन रविवार आहेत. उद्या सकाळी मी बाजाराच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध उभा राहणार. सावधान. शर्यत जिंकणाऱ्याच्या हातात झेंडा दिसला तरच बाजूला होईन.